शेवटच्याला टर्मिनेट करा

टर्मिनेशन हा शब्द आमच्या छापखान्यात पहिल्यांदा आला तो पुण्याहून, फोनवरून, आणि आला तो थेट माझ्याच अंगावर. फोन मुनीमजींनी घेतला होता. ठेवल्यावर ते दाराशी जाऊन पान थुंकून आले, टेबलावरची कागदांची थप्पी उगीचच सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, पुण्याहून सांगितलंय. शेवटच्याला टर्मिनेट करा म्हणून."

शेवटची मीच होते. परभणीच्या त्या छापखान्यात सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणून तिथं माझं नावच 'शेवटची' पडलं होतं. चहा आला की वाटप जुन्या माणसापासून सुरू होई. आधी खिळे जुळवणारे म्हातारे कंपोझिटर, मग मुनीमजी, मग छपाईच्या ट्रेडल मशीनवरचे दोघं, आणि उरलेला कानतुटका कप माझा. तो कप शेवटच्याचा म्हणून माझा की माझा म्हणून शेवटचा, हे मी कुणाला विचारलं नाही. आम्ही बौद्ध, आणि त्या छापखान्यात आमच्यातलं दुसरं कुणी नव्हतं. पंधरवडाभर मी तो कप सोसला. मग एके दिवशी उठून ताटातला मधलाच कप उचलला आणि पिऊन टाकला. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता आणि आता तो सुधारायची मला इच्छाही नाही.

"आणखी काय म्हणाले?" मी मुनीमजींना विचारलं.

"म्हणले, सध्या जे हाय ते पॅसिव्ह हाय. त्यानं काम भागायचं न्हाई. ॲक्टिव्ह पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी न्हाई म्हणायलो माय. तेच म्हणायलेत."

मुनीमजींनी आयुष्यभर सहकारी सोसायटीत कारकुनी केली होती. टर्मिनेशन म्हणजे नोकरीवरून काढणं, हा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता आणि छापखान्यात बसलेल्या प्रत्येकालाही तोच ठाऊक होता. ट्रेडल थांबलं. कंपोझिटरांनी हातातला खिळा परत त्याच्या खणात टाकला. मला पॅसिव्ह म्हणणारा हा पुण्याचा मनुष्य मला कधी भेटलेलाही नव्हता, याचा मला जास्त राग आला.

आता जरा मागचं सांगायला हवं. साल त्र्याण्णव. मी ताडकळसची, वडील तिथल्याच शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी गावात एकच विषय असतो, तो म्हणजे स्थळ. तेवढ्यात या छापखान्याच्या मालकांनी पुण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. लग्नपत्रिका, निकालपत्रकं, जाहिराती, सगळं आता पडद्यावर जुळवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. चालवणारं कुणी मिळेना म्हणून मी मिळाले. रोज सकाळी एस.टी.नं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. नेमणुकीचं पत्र नव्हतं. "मशीन रुळू दे, मग बघू," एवढंच मालक म्हणाले होते.

मशीन काही रुळेना. कॉम्प्युटरला जाड केबलनं एक डिस्कचा डबा जोडलेला होता, त्यात आमचं सगळं काम साठायचं. त्या डब्यातून दुसरी केबल निघून स्कॅनरला जायची. फोटो आत घेणारं ते यंत्र मुनीमजींच्या टेबलापलीकडे ठेवलेलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. आणि अगदी शेवटी, स्कॅनरच्या पाठीमागे, एक टोपण बसवलेलं. ते कशासाठी हे बसवून देणारा सांगून गेला नव्हता. सकाळी सगळं ठीक चाले. दुपार झाली की पडद्यावरून डिस्कचं चित्र नाहीसं होई. चालू असलेली पत्रिका अर्धी जाई, अर्धी उरे. एकदा वराचं नाव जागेवर आणि वधूच्या नावाच्या जागी नुसते चौकोन, असं छापायला निघालं होतं. ते मी पाहिलं म्हणून दोन घरांतलं भांडण टळलं.

दुपारीच का, याची कारणं छापखान्यात ज्याची त्याची वेगळी होती. मालकांचं म्हणणं, शेजारची पिठाची गिरणी दुपारी सुरू होते, ती लाईट ओढून घेते. कंपोझिटरांचं म्हणणं, हे यंत्रच आळशी, जेवण झालं की पेंगतं. मुनीमजी काही म्हणत नसत, पण मी खुर्चीवर बसण्याआधी त्यांची नजर कॅलेंडरकडे जायची, माझ्या अडचणीचे दिवस मोजत असावेत. शेवटी मालकांनी पुण्याच्या विक्रेत्याशी बोलून ठेवलं: संक्रांतीच्या आत मशीन सुधारली नाही तर ती परत न्यायची. आणि मशीन परत गेली की मी कशाला लागणार होते? मीही परत, ताडकळसला, स्थळं बघत. संक्रांतीकडे माझं लक्ष जसं लागून राहिलं होतं तसं तिळगुळासाठी कधी लागलं नव्हतं.

असं सगळं असताना त्याच विक्रेत्याकडून हा फोन.

मालक बाहेर गेले होते. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पिशवी उचलून पहिल्या बसनं गावी जायचं, किंवा मालकांची वाट बघत रडवेलं तोंड करून बसायचं. मी तिसरंच केलं. पदर खोचला, कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेले आणि स्वतः पुण्याला फोन लावला. मला काढायचं तर मालकांनी काढावं. हा कोण लागून गेला?

"मी परभणीहून बोलते आहे," मी म्हटलं. "तुम्ही ज्या शेवटच्या बाईला टर्मिनेट करायला सांगितलंत ना, तीच."

पलीकडून जे हसू फुटलं ते मला अजून ऐकू येतं. मनुष्य हसला, पण वाईट नव्हता. "मॅडम, तुम्हाला नाही हो! शेवटच्या यंत्राला. साखळीतल्या शेवटच्या यंत्राला टर्मिनेटर लावावा लागतो."

तो सांगत गेला, बूथच्या काचेतला लाल आकडा पळत राहिला आणि माझ्या डोक्यात डिप्लोमाचं एक जुनं प्रकरण जागं झालं. तारेतून संदेश पळतो. तार जिथं संपते तिथं त्याला जिरवणारं काही नसलं तर तो आपटून उलटा येतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. नव्या बांधलेल्या रिकाम्या खोलीत बोललं की आपलाच आवाज घुमून परत येतो आणि बोललेलं कळत नाही, तसंच. भिंतीवर चार गोधड्या टांगल्या की घुमणं बंद. ते स्कॅनरमागचं टोपण म्हणजे ती गोधडी. टर्मिनेटर म्हणतात तो हाच.

"मग टोपण तर आहेच की," मी म्हटलं.

"आहे, पण पॅसिव्ह आहे. त्यात नुसते रेझिस्टर असतात. त्याला लागणारा विजेचा दाब त्याच केबलमधून येतो. केबल लांब, मध्ये यंत्रं जास्त, म्हणजे शेवटापर्यंत येता येता तो दाब कमी होतो. जितकं येईल तितक्यावर ते भागवतं. ॲक्टिव्हमध्ये स्वतःचा रेग्युलेटर असतो. कमी आलं, जास्त आलं, तरी ते आपला दाब ठरल्या जागी धरून ठेवतं."

मी त्याला दुपारचं सांगितलं, गिरणीचं सांगितलं. तो म्हणाला, "दुपारी तुम्ही वेगळं काय करता, ते बघा."

परत येताना रस्त्यातच मला ते दिसलं. फोटो घेऊन येणारी गिऱ्हाइकं खेड्यांतून यायची. सकाळची कामं आवरून, बस धरून, ती दुपारी पोचायची. म्हणून स्कॅनर आम्ही दुपारी चालू करायचो. गिरणी बिचारी फुकट बदनाम झाली होती. दुसऱ्या दिवशी मी स्कॅनर सकाळीच चालू केला आणि डिस्क सकाळीच गेली. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. काम बिघडल्यावर टाळ्या वाजवणारी बाई त्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

मग माझा जुना मल्टिमीटर घरून आणून मी त्या केबलच्या दोन्ही टोकांना दाब मोजला. कॉम्प्युटरकडे बरा होता, टोपणाशी येईपर्यंत खचलेला. स्कॅनर उचलून जवळ आणला, आखूड केबल लावली, तर डिस्क बराच वेळ टिकली आणि मग गेलीच. म्हणजे पुण्यावाला बरोबर होता. टोपण बदलायलाच हवं होतं.

संध्याकाळी अंगणात बाबांना हे सगळं सांगितलं. मुनीमजींच्या निरोपावर ते पोट धरून हसले. मग शिक्षक जागा झाला.

"ॲक्टिव्ह, पॅसिव्ह. म्हंजे कर्तरी आन् कर्मणी की गं."

"बाबा, ते व्याकरणात. हे तारेचं आहे."

"तारंला का व्याकरण नसतंय?" त्यांनी खाटेवर मांडी नीट घातली. "बघ. 'बाईला कामावरून काढण्यात आलं.' कुणी काढलं? कुणीच न्हाई. काढण्यात आलं. ह्याला नवीन कर्मणी म्हणत्यात. कर्ता घरात लपून बसतो आन् वाक्य रस्त्यावर फिरतंय. आपल्या विद्यापीठाच्या नावाचं काय चाललंय मग? तू तिसरीत होतीस तवापासून ऐकायलोय मी. निर्णय घेण्यात येईल. विचार करण्यात येत आहे. शांतता राखण्यात यावी. घरं जळाली तरी जाळण्यात आली. एक 'मी' कुठं सापडला न्हाई मला त्या सगळ्या वाक्यात."

ते एवढं सरळ कधी बोलत नसत. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या पहिल्या दंगलीत आमच्या पाहुण्यांचं घर जळून गेलं होतं, त्याविषयी ते घरात बोलायचे नाहीत. विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, "पण मी तर दोष शोधून काढला ना? 'मी दोष शोधला.' हे कर्तरी झालं."

"कुठं झालं? शोधला काय? दोष. पुल्लिंगी एकवचनी. क्रियापद दोषामागं गेलं, तुझ्यामागं न्हाई आलं. ह्येबी कर्मणीच." त्यांना भारी मजा वाटत होती. "आपल्या मराठीत झालेल्या कामाचा मोठेपणा माणसाला मिळत न्हाई माय, कामाला मिळतो. कर्तरी पाहिजे असंल तर 'करते' म्हणावं लागतंय. न्हाई तर 'करीन'."

ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर घेऊन गेले म्हटलं तरी चालेल.

मालक टेबलाशी होते. गृहस्थ वाईट नव्हते. शेतीवाल्या मोठ्या घरातले, हौशी, पण निर्णय लांबणीवर टाकण्यात वस्ताद. मी नवं टोपण मागवायला सांगितलं तर ते वैतागले.

"बाई, आज टोपण, उद्या आन् काही निघंल. मी लय परेशान झालोय ह्या डब्यापायी. संक्रांत आली की जाऊ दे परत. सुटलो म्हणंन मी."

"आणि मी?"

"तुमचं बघू की. काही तरी करण्यात येईल."

करण्यात येईल! मला बाबा आठवले आणि डोक्यात तिडीक गेली. कंपोझिटर, मुनीमजी, सगळे ऐकत होते. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "मालक, टोपण मी मागवते. बसवतेही मीच. संक्रांतीच्या आत मशीन चालवून दाखवते. नाही चालली तर मी आपण होऊन जाते, मला काढायची पाळी तुमच्यावर येऊ देत नाही. पण चालली तर मला नेमणुकीचं पत्र पाहिजे. 'बघू' नको."

एका टोपणावर मी माझी नोकरी पणाला लावली होती, आणि ते टोपण मी अजून डोळ्यांनी बघितलंही नव्हतं. स्थळं घेऊन येणारे काका याच आठवड्यात घरी येऊन गेले होते. बाबा त्यांना "पोरगी नोकरीत हाय" म्हणाले होते. ते वाक्य खोटं ठरवायचं माझ्या मुळीच मनात नव्हतं.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मुनीमजींकडे बघितलं आणि म्हणाले, "मागवा."

ते पुण्यालाही शिल्लक नव्हतं, मुंबईहून यायचं होतं. रोज सकाळी बसमधून उतरले की मी आधी स्टँडवरच्या पार्सल ऑफिसात डोकवायची. तिथला बाबू मला बघून लांबूनच हात हलवायला लागला होता. जानेवारी लागला. नामांतर आता होणार, या दिवसांत होणार, असं जो तो बोलत होता. गावोगाव पोलीस बसले होते, बस कधी येईल कधी येणार नाही याचा भरवसा नव्हता. आई म्हणाली, चार दिवस घरी राहा. मी म्हटलं, माझं पार्सल आलं तर? बस आली नाही त्या दिवशी मी परभणीला जाणाऱ्या दूधगाडीत पुढं बसून गेले.

आणि पार्सल आलं. हातात मावेल एवढी वस्तू. जुन्या टोपणासारखीच दिसणारी, फक्त पाठीवर मसुरीएवढा दिवा. मशीन बंद करून जुनं टोपण काढलं, नवं बसवलं, दोन्ही बाजूंच्या पिना दाबल्या आणि बटणं एकेक करून चालू केली. दिवा हिरवा लागला. मुनीमजी टेबलावरून वाकून बघत होते.

"ही ॲक्टिव्ह का?"

"ही ॲक्टिव्ह."

"आन् आधीची?"

"आधीची पॅसिव्ह. येईल तेवढ्यावर भागवणारी."

"बिचारी," मुनीमजी म्हणाले.

त्या दिवशी डिस्क गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. पण मालक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "दोन-चार फोटोत काय कळतंय?" पत्राचं नाव काढत नव्हते. मीही काढलं नाही. संक्रांत होऊ द्यायची होती.

संक्रांतीच्या दिवशीच नामांतर झालं. आणि दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या दारात माणसं उभी राहिली. पूर्णेची होती, गंगाखेडची होती, आमच्या ताडकळसची होती. कुणाला अभिनंदनाचं पत्रक पाहिजे, कुणाला विद्यापीठाच्या नव्या नावाचं मोठं पान, आणि प्रत्येकाच्या हातात फोटो. कुणी चौकटीतला काढून आणलेला, कुणी दंगलीत गेलेल्या आपल्या माणसाचा, कडा जळालेला. एका आजीनं असा फोटो काचेवर ठेवताना माझा हात धरून ठेवला. "जपून गं माय, एवढाच हाय." त्या क्षणी मला नोकरी, मालक, पत्र, काही आठवत नव्हतं. फक्त ती डिस्क जाता कामा नये, एवढंच.

मालक दाराशी उभे राहून बघत होते. एवढी गर्दी त्यांच्या छापखान्यानं लग्नसराईतही बघितली नव्हती. मनात काय होतं त्यांच्या, सांगता येणार नाही. त्यांच्या नातेवाइकांतले बरेच जण नामांतराच्या विरोधातले होते. पण त्यांनी कुणाला परत पाठवलं नाही. दुपार झाली. शेजारी गिरणी सुरू झाली. स्कॅनर फोटोमागून फोटो आत घेत राहिला, डिस्क भरत राहिली, आणि मुनीमजींच्या टेबलापलीकडे तो हिरवा दिवा एकदाही मिणमिणला नाही. आजीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा जळालेली कडासुद्धा जशीच्या तशी होती.

गर्दी ओसरल्यावर चहा आला. ताट घेऊन येणारा मुनीमजींकडे वळला तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी कप घेतला. कानवाला होता.

मालक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "लिहा," म्हणाले.

"काय?"

"तुमचं पत्र. मी सांगतो, तुम्ही लिहा. आपणांस कळविण्यात येते की, आपली आमच्या छापखान्यात कायमस्वरूपी नेमणूक करण्यात येत आहे."

मी लिहिलं आणि कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला.

"हे काय लिव्हलंय? 'मी आपली नेमणूक करत आहे.' असं असतंय का कुठं? करण्यात येत आहे, असं असतंय."

"कुणाकडून करण्यात येत आहे, मालक?"

"माझ्याकडून."

"मग तेच लिहिलंय."

मालकांनी कागद जरा लांब धरला, जवळ आणला. मग खिशातून पेन काढलं. "मास्तराची पोरगी," एवढं म्हणाले आणि सही केली.

घरी पोचले तेव्हा बाबा रेडिओजवळ बसले होते. बातम्या संपत आल्या होत्या. "नाव देण्यात आलं," ते म्हणाले, "दिलं एकदाचं. तेबी कर्मणीतच." बोलताना हसत होते, पण डोळे ओले होते. मी पत्र त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. उत्तरपत्रिका तपासावी तसं बोट ठेवून वाचत गेले आणि 'मी' या अक्षराशी बोट थांबलं ते तिथून पुढं सरकेना. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली.

"अगं, इकडं ये लवकर. वाक्यात कर्ता हाय."